वुडन फ्लोअरिंग म्हणून तुम्हाला नक्की काय विकलं जातंय? आणि पावसाळ्यात ते फुगतं का?

इन्स्टाग्रामवर घर सजवण्याचे रील्स बघत असाल, तर एक सीन ओळखीचा असेल. जुनी लादी, त्यावर फोमची शीट, मग खटाखट बसणाऱ्या लाकडी पट्ट्या आणि दोन दिवसांत बेडरूम एकदम हॉटेलसारखी. कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, 'प्राइस प्लीज?'

त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे लाकूड आहे का?

माझ्या मावशीने ठाण्याच्या फ्लॅटमध्ये असंच 'वुडन फ्लोअरिंग' करून घेतलं. दुसऱ्याच पावसाळ्यात बाल्कनीच्या दाराजवळच्या पट्ट्या कडांनी वर आल्या. ठेकेदार म्हणाला, "काकी, लाकूड आहे, फुगणारच." एक पट्टी उचकटून बघितली तर वर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि खाली दाबलेला भुसा. फुगलं ते खरंच, पण ज्याला आपण लाकूड समजत होतो ते नाही.

नाव एक, वस्तू चार

आपल्याकडे दुकानात चार वेगळ्या वस्तू 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाने विकल्या जातात.

सॉलिड वुड म्हणजे अख्खी लाकडाची पट्टी, साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड. इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवूड किंवा एचडीएफ. लॅमिनेटमध्ये एचडीएफवर छापील कागद आणि त्यावर पारदर्शक कडक थर. आणि एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक, यात लाकूड अजिबात नाही.

लॅमिनेट किंवा एसपीसी वाईट असतं असं नाही. भाड्याने द्यायच्या घरात मी स्वतः एसपीसीच टाकेन. पैसे लाकडाचे आणि माल कागदाचा, हा मात्र वेगळा विषय आहे. पट्टी हातात घ्या आणि तिची कापलेली कड बघा. वरच्या रेषा कडेतून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड आहे. सगळ्या पट्ट्यांवर तीच गाठ त्याच जागी येत असेल, तर ते प्रिंटिंग आहे.

इंजिनिअर्ड वुड घेताना एकच आकडा पक्का विचारा, वरच्या लाकडी थराची जाडी. तो अर्ध्या मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो, आणि 'पॉलिश पुन्हा करता येईल का' याचं उत्तर त्यातच आहे. एकदा मशीनने घासलं की अर्धा-पाऊण मिलिमीटर लाकूड जातं. ३-४ मिलिमीटरचा थर एक-दोनदा घासता येतो. अर्ध्या मिलिमीटरचा थर घासला की खालचं प्लाय दिसायला लागतं. सॉलिड पट्टी पाच-सहा वेळा तरी घासून निघते.

अमेरिकेत काय झालं होतं?

१९९४ मध्ये सुरू झालेली लंबर लिक्विडेटर्स ही अमेरिकेतली फ्लोअरिंगची मोठी साखळी. स्वस्त माल हीच तिची ओळख. मार्च २०१५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमाने दाखवलं की कंपनीच्या चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेटमधून फॉर्मल्डिहाइड वायू कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त बाहेर पडतोय. भुसा किंवा प्लाय चिकटवण्याच्या गोंदात हे रसायन असतं. डोळे चुरचुरतात, श्वासाचा त्रास होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलंय.

मग सरकारी तपासणी आली आणि तिच्यात एक भन्नाट घोळ झाला. फेब्रुवारी २०१६ च्या अहवालात छताची उंची फुटांतून मीटरमध्ये बदलायची राहून गेली. त्यामुळे खोलीतली हवा कागदावर तिप्पट झाली आणि धोका तेवढाच कमी दिसला. चूक सुधारल्यावर कर्करोगाचा अंदाज दर लाखामागे २ ते ९ वरून ६ ते ३० जणांवर गेला.

ग्राहकांच्या दाव्यांमध्ये कंपनीने २०१८ मध्ये ३.६ कोटी डॉलर्सची तडजोड केली. गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये आणखी ३.३ कोटी डॉलर्स भरले.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं प्रकरण, ज्याची चर्चा कमी झाली. याच कंपनीने रशियाच्या अतिपूर्व भागातला, बेकायदा तोडीतून आलेला ओक चीनमार्गे आणला होता. कागदपत्रांवर झाडाची जात आणि देश खोटा लिहिला होता. तो भाग म्हणजे सायबेरियन वाघ आणि अमूर बिबट्याचं घर. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये तिला १.३ कोटी डॉलर्सहून जास्त दंड झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. मागणी घटली होती, कर्ज वाढलं होतं, त्यामुळे सगळं खापर त्या प्रकरणांवर फोडता येणार नाही. नंतर मूळ संस्थापकाच्याच कंपनीने २१९ दुकानं विकत घेतली.

आपल्याकडे 'बर्मा टीक' हा शब्द अजूनही अभिमानाने उच्चारला जातो. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथला लाकूड व्यापार सरकारी कंपनीच्या हातात आहे. अमेरिका आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी तिच्यावर निर्बंध घातले, भारताने घातले नाहीत. साग हवाच असेल तर चंद्रपूर-बल्लारपूरच्या जंगलातला साग अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेलाय, नागपूरहून घेतलेला साग नव्या संसदेत आहे. तो आपल्या घरात चालायला हरकत नसावी. बिलावर मात्र झाडाची जात आणि मूळ ठिकाण लिहून घ्या. फॉर्मल्डिहाइडसाठी पाकिटावर 'ई१', 'ई०' किंवा 'कार्ब' असं लिहिलेलं असतं, ते बघा. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर.

लाकूड फुगतं म्हणजे काय होतं?

लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. अमेरिकी वन विभागाच्या प्रयोगशाळेचे गुणांक वापरून हिशोब करू. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांवरून ८० वर गेली आणि तशीच राहिली, तर लाकडातली ओल साधारण ८ टक्के अंकांनी वाढते. ५ इंची ओकची पट्टी त्यात साडेतीन मिलिमीटरच्या वर फुगू शकते. सागाची जवळपास निम्मी. दहा फुटांच्या खोलीत अशा २४ पट्ट्या बसतात, पुढचा गुणाकार तुम्हीच करा. मुंबईत जुलैमध्ये ८० टक्के म्हणजे साधा दिवस.

इंजिनिअर्ड वुडमध्ये खालचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत सॉलिडपेक्षा इंजिनिअर्ड टिकतं. सॉलिड ओक दिसायला कितीही देखणा असला तरी ठाण्यात मी टाकणार नाही.

मग आपल्या वाड्यांमधली तक्तपोशी शंभर वर्षं कशी टिकली? एक तर ती सागाची होती. दुसरं, ती वरच्या मजल्यावर तुळयांवर असायची, वरून आणि खालून वारा लागायचा. फळ्यांमध्ये फटी राहायच्या, धूळ खाली पडायची आणि कुणाचं त्यावाचून अडायचं नाही. तळमजल्याला मात्र सारवलेली जमीन नाहीतर दगडी फरशी. आज आपण तेच लाकूड सिमेंटच्या स्लॅबवर गच्च बसवतो आणि एसी लावून खिडक्या बंद करतो.

बसवताना घाई कुठे नडते

सगळ्यात जास्त नुकसान नव्या फ्लॅटमध्ये होतं. पझेशन मिळालं, मुहूर्त जवळ आला, कोबा वाळलाय की नाही हे कुणी बघत नाही. काँक्रीट वाळायला इंचामागे महिना, हा ढोबळ अंदाज धरतात, तोही कोरड्या हवेत. घरी करता येणारी चाचणी सोपी आहे. दीड फुटी जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर काम थांबवा. थेंब दिसले नाहीत तरी खात्री मीटरनेच होते. लाखभराचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे ते मीटर असायला हवं.

दुसरी गोष्ट, भिंतीपासून साधारण १० मिलिमीटर मोकळी जागा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे न सोडणंही सहज झाकलं जातं. मावशीकडे पट्ट्या थेट दाराच्या चौकटीला भिडवल्या होत्या. फुगायला जागा नाही म्हटल्यावर त्या वरच येणार.

वॉरंटी कार्डही आधी वाचा. अनेक परदेशी कंपन्यांच्या अटीत खोलीची आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावर असते. म्हणजे २५ वर्षांची वॉरंटी आपल्या पहिल्या पावसातच संपू शकते. वेगळाच माल देऊन फसवलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे बिलावर 'वुडन फ्लोअरिंग' लिहिलंय की 'लॅमिनेट', यावर बरंच अवलंबून असतं.

फुगल्यावर काय करायचं?

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बाल्कनीचा उतार, एसीचा पाइप, बाथरूमचं लिकेज. कडा वर आल्या म्हणून लगेच घासायला मशीन लावू नका. ओल्या पट्टीच्या कडा घासून सपाट केल्या की वाळल्यावर तीच पट्टी मधे फुगीर दिसते. आधी पंखे लावून आठवडे, गरज पडली तर महिनेही वाळू द्या. खऱ्या लाकडाच्या पट्ट्या बऱ्याचदा आपोआप खाली बसतात. लॅमिनेटमधला भुसा एकदा फुगला की परत बसत नाही, ती पट्टी बदलावीच लागते.

क्लिक लॉकच्या पट्ट्या जवळच्या भिंतीपासून उलट उलगडत काढता येतात. मधलीच एखादी बदलायची तर ती कापून काढतात आणि नव्या पट्टीच्या खाचेचा खालचा ओठ छाटून गोंदाने बसवतात. मावशीकडे सात पट्ट्या बदलायच्या होत्या. त्या रंगाचा माल कंपनीने बंद केला होता आणि ठेकेदाराने उरलेला बॉक्स परत नेला होता. आता दाराजवळ कोल्हापूरहून आणलेलं मोठं जाजम टाकलंय.