परसातली पॅन्सी हरभऱ्याबरोबर पेरा



परसातल्या फुलझाडांविषयी पत्रे नेहमीच येतात, त्यात हल्ली पॅन्सीची चौकशी असते. लेक शिकायला नाशिक-पुण्याला असते, सुट्टीत येताना बियांचे पाकीट आणते. पाकिटावरचे चित्र पाहून घरातले सगळे हरखतात. मग मृगाचा पाऊस झाला, की कपाशीबरोबर तेही बी परसात पडते. पंधरा-वीस दिवस वाट पाहूनही उगवत काहीच नाही. दुकानदाराला शिव्या बसतात, नाहीतर "सूनबाईच्या हाताला गुण नाही" असे ऐकावे लागते. हे दुसरे मला फार खटकते. बी बहुधा चांगले असते आणि हातही चांगलाच असतो. चुकतो तो हंगाम.

पॅन्सी हे थंड मुलखातले फूल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या बागवानांनी रानटी जातींच्या संकरातून ते तयार केले. पाकळ्यांवरच्या काळ्या डागांमुळे ते एखाद्या मिशाळ बाबासारखे दिसते, म्हणून पोरांना भारी आवडते. त्याच्या बियाला उगवायला १८ ते २२ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. जमीन तापलेली असली, की बी जागे होतच नाही. आपल्या जून-जुलैत तो गारवा कुठून येणार?

पण खानदेशात थंडी नाही असे कोण म्हणेल! धुळ्याचा पारा हिवाळ्यात किती घसरतो, ते वर्तमानपत्रात दरसाल वाचतोच. रावेर-यावलचे केळीवाले थंडीच्या रात्री बागेला पाणी देतात, कडेने धूर करतात. जी थंडी केळीला मारक, तीच पॅन्सीला तारक. तेव्हा तिला रब्बीचे पीक समजा आणि बागायती हरभऱ्याच्या सुमारास, कोजागिरी ते दिवाळीच्या दरम्यान पेरा.

त्या दिवसांतही दुपारचे ऊन कडकच असते. म्हणून बी वाफ्यात न टाकता पसरट खोक्यात किंवा तळाला भोके पाडलेल्या जुन्या घमेल्यात टाका. नुसती काळी माती नको. ती पाण्याने चिकटते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात. एक पाटी पोयटा, एक पाटी पूर्ण कुजलेले चाळलेले शेणखत आणि एक पाटी नदीची वाळू मिसळा. त्यावर उकळते पाणी ओतून माती थंड होऊ द्या, म्हणजे रोपांची मर कमी होते. बी बारीक, एका ग्रॅममध्ये सातशेच्या आसपास. ते विरळ पसरून वर चाळलेल्या मातीचा ज्वारीच्या दाण्याएवढा थर द्या. वरून पाणी ओतू नका, बी वाहून जाते. परातीत पाणी घेऊन खोके त्यात ठेवा, माती खालून ओल ओढून घेईल.

आता खोके ठेवायचे कुठे? घरात पाण्याचा रांजण असतो ना, त्याच्या शेजारी. तिथे सावली असते आणि गारवाही. वर ओले गोणपाट घाला, या बियाला उगवताना अंधार मानवतो. दहा ते पंधरा दिवसांत मोड दिसतील. पहिला मोड दिसला, की त्याच दिवशी गोणपाट काढा आणि खोके सकाळचे ऊन येईल अशा ओट्यावर न्या. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबुळकी होऊन लोळतात. ओट्यावर कोंबड्या उकरतील, त्याचा बंदोबस्त आधी करा.

चार-पाच पाने आली, की रोपे संध्याकाळी वीतभर अंतरावर लावा. पहिली कळी खुडून टाका. जिवावर येते खरे, पण रोप फुटवे धरते. मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. सुकलेली फुले रोज काढत जा, नाहीतर रोप बी धरते आणि फुले आटतात.

पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांनी, संक्रांतीच्या आगेमागे फुले सुरू होतील. होळीनंतर रोपे माना टाकतील. तेव्हा पाणी घालून त्यांना जगवण्याच्या नादी लागू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची किंमत काय असते, ते बायकांना सांगायला नको.

पाकिटावर संकरित असे लिहिले नसेल, तर फेब्रुवारीत चार चांगल्या रोपांवर फुले राखून घरचे बी धरता येते. बोंड आधी खाली वाकलेले असते. ते मान वर करून पिवळसर झाले, की लगेच खुडून कागदी पिशवीत घाला. एक दिवस थांबलात तर ते तीन फाकांत उलते आणि बी उडून जाते. सावलीत वाळवलेले बी कोरड्या बाटलीत भरून, वर तारखेची चिठ्ठी लावून, घरातल्या गार जागी ठेवा. पुढच्या कोजागिरीला तेच पेरा.