खुराडे कोठे बांधावे?

घरी चार कोंबड्या आणि एक कोंबडा असला की पोरांच्या ताटात अंडे येते, पाहुणा आला तर बाजाराकडे धावावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे अंड्यांचा पैसा घरातल्या बाईच्या हातात राहतो. तेव्हा कोंबड्या पाळाव्यात की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो सांदवाडीत खुराडे नेमके कोठे बांधावे हा. पुस्तकात एका ओळीत उत्तर मिळते : उंच, कोरडी, हवेशीर जागा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तेवढ्याने भागत नाही. येथे कितीतरी गावांत काट्याचे कुंपण संपले की जंगल सुरू होते आणि आपल्या वस्त्या तर बहुधा गावाच्या टोकालाच.

बरीच मंडळी झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीला खुराडे टेकवतात. एक भिंत आयती मिळते, रात्री फडफड झाली तर ऐकू येते. परंतु आम्हाला हीच जागा सर्वांत धोक्याची वाटते. दाणे सांडले की उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतात. त्यात मण्यार वाईट. आपण जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी माणसे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, तोवर विष भिनलेले असते. (असे काही दिसले तर मांत्रिकाच्या दारात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.) शिवाय कोंबड्यांच्या अंगावरचे बारीक किडे भिंतीच्या भेगांतून अंथरुणात येतात ते वेगळेच.

दुसरा पाहुणा बिबट. वाघ कोंबडीसाठी सहसा येत नाही, बिबट्याला मात्र कुत्रे, बकरी, कोंबडी काहीही चालते. दुर्गापूर हे काही दाट रानातले खेडे नव्हे. शेजारी औष्णिक वीज केंद्र, कोळशाची खाण. तरीही तेथे २०२२ साली बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्यांत लहान मूलही होते. म्हणून दारात बल्ब लावला की बिबट येत नाही, या समजुतीवर आमचा विश्वास नाही.

मग खुराडे अगदी कुंपणाजवळ न्यावे काय? तेही नको. झुडपाच्या आडोशाने रानमांजर, मुंगूस, बिबट सगळेच गुपचूप येतात. आणि रात्री कलकलाट झाला की घरातली बाई टॉर्च घेऊन एकटीच धावते. कोंबडी गेली तर चार-पाचशे रुपयांचे नुकसान, पण त्या अंधारात बाहेर पडलेली माय गेली तर? भगिनींनो, कितीही आवाज होऊ द्या, दार उघडू नका. खिडकीतून ओरडा, डबे वाजवा, शेजाऱ्यांना हाका मारा. पायाचे ठसे सकाळी उजेडात पाहता येतात. ते दिसले तर वनरक्षकाला कळवा.

तेव्हा जागा हवी ती घर आणि कुंपण यांच्या मधली, चुलीच्या बाजूची, खिडकीतून दिसणारी आणि चहूकडून मोकळी. भोवतालची झुडपे छाटून टाकावीत. संडासाच्या वाटेवर तर खुराडे मुळीच नको. रात्री-पहाटे पोरे आणि म्हातारी माणसे त्याच वाटेने जातात. विहीर किंवा हापशी असेल तर खुराडे तिच्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावे, म्हणजे पावसात विष्ठा पाण्यात उतरणार नाही.

आता ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि टिनाच्या छपराखाली दुपारीच मरते. म्हणून निंबाची किंवा मोहाची सावली पाहावी आणि छप्पर कवेलूचे किंवा गवताचे करावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उतरते ऊन फक्त आखूड बाजूवर पडते. ती पश्चिमेची बाजू कुडाने बंद करावी आणि लांब बाजूंना जाळी लावावी. फांदी मात्र छपरावर टेकलेली नको. पावसाळ्यात पाणी साचते म्हणून तळ बांबूच्या माच्यावर दोन फूट उंच घ्यावा. माच्याखाली अडगळ ठेवू नये, नाहीतर सापाला घर बांधून दिल्यासारखे होईल. जाळी अर्ध्या इंचाची, मजबूत तारेची. मोठ्या भोकांतून मुंगूस शिरते. दहा गावठी कोंबड्यांना रात्रीपुरते चार फूट बाय तीन फूट पुरते.

ज्यांची सांदवाडी हातभरच आहे, त्यांनी निदान चुलीच्या खोलीची बाजू धरावी, भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे आणि रात्री खाली दाणा राहू देऊ नये. एवढीही जागा नसेल तर दोन-तीन कोंबड्यांवर थांबावे. शेजाऱ्याच्या झोपण्याच्या भिंतीला आपले खुराडे लावून मोकळे होणे बरे नव्हे.

काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. तो गुन्हा आहे आणि त्यात जनावरांआधी माणसे मरतात. मेलेली कोंबडी मागच्या झुडपात भिरकावू नये, त्या वासाने जनावर घराची वाट शिकते. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकदम तीन-चार मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आणि दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घालाव्यात. एखादी कमी भरली तरी अंधारात शोधायला जाऊ नये.