पिशवी काढली, पण कागद कुठे आहे?

"माझी पिशवी काढली, आता कॅन्सरची भीतीच मिटली," हे वाक्य महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत कितीदा तरी कानावर येते. बोलणारीच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद असतो. पण माझे स्पष्ट मत आहे की हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे प्रत्येकीने आपल्या फाइलमध्ये शोधायला हवे.

पहिला प्रश्न : पिशवीबरोबर पिशवीचे तोंडही काढले का? काही ऑपरेशनांमध्ये वरची पिशवी काढतात आणि गर्भाशयमुख तसेच ठेवतात. आपण दोन्हींना "पिशवी काढली" असेच म्हणतो. मुख शिल्लक असेल तर त्याचा कॅन्सर होऊ शकतो आणि पॅप किंवा एचपीव्ही तपासणी वयानुसार पूर्वीसारखीच चालू ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न : पिशवी कशासाठी काढली? गाठी होत्या, रक्तस्राव फार होता, अंग बाहेर येत होते, अशा कारणाने मुखासकट काढली असेल आणि आधीच्या तपासण्यांत गंभीर दोष कधीच आढळला नसेल, तर ही तपासणी सहसा पुन्हा लागत नाही. अशा बहिणींनी उगाच घाबरू नये. पण गर्भाशयमुखाच्या पेशींत कॅन्सरपूर्व बदल सापडले होते, तर गोष्ट वेगळी. ते बदल एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. हा विषाणू फक्त मुखापुरता राहत नाही, योनीमार्गात, बाहेरच्या भागात, गुदद्वारापाशीही असू शकतो. मुख गेले तरी तो मागे राहू शकतो. योनीमार्गाचा कॅन्सर दुर्मीळ आहे, पण अशा स्त्रियांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सूचनांत त्यांची तपासणी किमान २५ वर्षे चालू ठेवायला सांगितले आहे. टाके घातलेल्या जागेवरून नमुना घेतात, पाच मिनिटांचे काम असते.

आता न बोलला जाणारा मुद्दा. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळले की आपल्या घरांत तोंडे बंद होतात. "आम्ही शीलाने राहणारी, सात्त्विक खाणारी माणसे, आम्हाला कसे होईल?" पण वैवाहिक आयुष्य जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत परतवून लावते. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. त्यामुळे आज रिपोर्टमध्ये तो दिसला म्हणून कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही. त्या कागदावरून कोणी सुनेच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याचा निवाडा करू नये. लाजेपोटी फाइल कपाटाच्या तळाशी जाते, तिथेच खरे नुकसान होते.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट शोधा. सापडला नाही तर ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात मागा, तो आपला हक्क आहे. ते कागद घेऊन डॉक्टरांना विचारा : मुख काढले का, पेशींत काही बदल होते का, मला पुढे तपासणी हवी का? रिपोर्टची एक प्रत मुलीकडे किंवा सुनेकडेही ठेवा.

आणि ऑपरेशनला कितीही वर्षे झालेली असोत, अंगावरून लाल गेले, दुर्गंधीचे पाणी जाऊ लागले, बाहेरच्या भागात न थांबणारी खाज, गाठ किंवा जखम झाली, तर "आता पिशवीच नाही" म्हणून घरी बसू नका. सासूबाईंना तसे होत असेल तर त्यांना तुम्हीच घेऊन जा. त्या आपणहून सांगणार नाहीत.