विश्लेषण : जव्हार-मोखाड्यातील कच्च्या वाटा कुणासाठी?

पावसाळ्यात मुंबई-ठाण्याहून गाडी काढायची, जव्हारचा राजवाडा, दाभोसा धबधबा पाहायचा आणि परतताना मोखाड्याच्या जंगलातल्या एखाद्या खडीच्या वाटेवर चाके घालायची, ही हौस आता नवी नाही. ‘डांबर आले की मजा गेली’, हेही हमखास ऐकू येते. गाडीच्या काचेआडून ते खरेही वाटते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मर्कटवाडीत वेळेआधी घरीच जन्मलेली जुळी बाळे दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला सुमारे तीन किलोमीटर डोलीतून न्यावे लागले, रस्ता नव्हता.

रस्ता का होत नाही?

‘वनखात्याची जमीन आहे’, हे ठरलेले उत्तर. १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा धाक खोटा नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) रस्त्यासह १३ सुविधांसाठी वनजमीन देण्याची मुभा देते. अटी मोजक्याच : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पर्यंतच झाडांची तोड आणि ग्रामसभेची शिफारस. मंजुरी उपवनसंरक्षक पातळीवरच मिळू शकते, फाइल दिल्लीला जात नाही. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदी धरली तर तीन किलोमीटरहून अधिक रस्ता होतो. म्हणजे जवळपास त्या डोलीच्या वाटेएवढा. तेव्हा अडचण कायद्यापेक्षा प्रस्ताव न करण्यात अधिक आहे.

मुरूम टाकला की झाले?

नाही. इथला पाऊस आणि उतार पाहता बाजूचे गटार व मोऱ्या नसतील तर मुरूम पहिल्या झडीतच वाहून जातो. उरलेल्या ओल्या वाटेवर जड गाड्या गेल्या की चाकोऱ्या पडतात, त्यांतून पाणी धावते आणि चार दिवसांत वाटेचा ओहोळ होतो. पर्यटक रविवारी घरी पोहोचतो. सोमवारी त्याच वाटेने आशाताईंना चालत जावे लागते.

पर्यटन नको, असे कुणी म्हणत नाही. गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतातच. मात्र गाडी गावाशी लावून वाटाड्या घेऊन चालत जाता येते. सामूहिक वनसंपत्तीतील वावराचे नियमन करण्याचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभांना दिलेला आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा वाटांवर बाहेरच्या चारचाकी नकोत, असा ठराव त्यांनी जरूर करावा आणि त्याच सभेत रस्त्याचा प्रस्तावही मांडावा.