न्हाणीघरातील भोवळ

गेल्या हिवाळ्यात एका आजींना न्हाणीघरात दोनदा भोवळ आली. घरच्यांनी रक्तदाबाला दोष दिला. तो तर ठीक होता. मी विचारले, गिझर कोणता? गॅसचा, आतच बसविलेला. थंडी वाजते म्हणून वरची झडप पुठ्ठ्याने बुजविलेली!

अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 हून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळीही उत्तम आकडा दाखवू शकतो. त्यावर विसंबू नये.

ज्योत पिवळी दिसली वा काजळी धरली, तर गिझर बंद ठेवून बर्नर साफ करवून घ्यावा. एरवीही दरवर्षी थंडीपूर्वी जाणत्या कारागिराकडून बर्नर व रबरी नळी तपासून घ्यावी. मात्र निळी ज्योत म्हणजे अभय नव्हे. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागीच हवा. तो हलविला जाईपर्यंत पाणी चुलीवर तापवावे. ज्येष्ठांनी आतून कडी लावू नये. कोणी कोसळलेच, तर दार सताड उघडून आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

आजींच्या मुलाने पुठ्ठा त्याच संध्याकाळी काढला. गिझर हलविण्यासाठी मात्र मला दोनदा टोकावे लागले.