टर्बो महाग, नळी स्वस्त. पण नुकसान नळीनेच होते

मी कापडाचा व्यापारी. गॅरेजच्या कामावर लिहिण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, या कामात माझे पैसे बुडाले आहेत आणि त्यात चूक एकट्या मिस्त्रीची नव्हती.

भिवंडीहून सुताच्या गोण्या मालेगावला आणणारा माझा जुना डिझेल टेम्पो कसारा घाट चढताना दम टाकायचा. एका परिचिताने सल्ला दिला, "इंजिनला टर्बो बसवा." जुन्या मालाच्या बाजारातून टर्बो घेतला. मिस्त्रीने नळ्या व फिटिंगचा वेगळा आकडा सांगितला, तेव्हा मी घासाघीस केली. टर्बो मीच आणून दिला, मग नळ्यांचे एवढे कसले पैसे, असे म्हणालो. तो काही बोलला नाही. हाताशी होती ती नळी त्याने लावून दिली.

पंधरा दिवसांत गाडी निळा धूर सोडू लागली आणि ऑईल कमी होऊ लागले. मिस्त्री म्हणाला, टर्बो खराब. विकणारा म्हणाला, बसवणारा खराब. मी दुसरा टर्बो घेतला. त्यातूनही तोच धूर. शेवटी नाशिकचे एक बुजुर्ग उस्ताद गाडीखाली शिरले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. दोन्ही टर्बो चांगले होते. ऑईल परत नेणारी नळी बारीक होती आणि मध्येच झोळीसारखी लोंबत होती.

त्यांनी समजावले ते मी येथे मांडतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो बेअरिंगला टेकत नाही, ऑईलच्या पातळ थरावर फिरतो. हे ऑईल इंजिनमधून दाबाने येते. ते फिल्टरनंतरच्या जागेवरून घ्यावे. येणारी नळी बारीक चालते, पण ती मॅनिफोल्डजवळून जात असेल तर साधा रबरी होज चालत नाही. उष्णतेने तो कडक होऊन तडकतो आणि तापलेल्या लोखंडावर ऑईल उडाले की आग लागते. तेथे लोखंडी नळी किंवा उष्णता सोसणारा होजच पाहिजे. जोडाला तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घालावेत. या नळीच्या जोडाला सिलिकॉनचा लेप लावू नये. त्याचा एक तुकडा आत गेला तरी ऑईलची वाट बंद होते.

परतीच्या नळीची गोष्ट वेगळी आहे. तेथे दाब नसतो. फेसाळलेले ऑईल आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून ही नळी अंगठ्याएवढी जाड हवी, सरळ उताराची हवी आणि चेंबरमध्ये ऑईलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. वाट अडली की ऑईल टर्बोत तुंबते, सीलमधून निसटते आणि धूर होऊन बाहेर पडते. जुन्या इंजिनच्या रिंगा झिजल्या असतील, तर चेंबरमधील गॅसचा दाबही ऑईलला उतरू देत नाही. म्हणून ब्रीदर मोकळा आहे का, तेही पाहावे.

पाण्याच्या नळ्यांबाबतही असेच होते. डिझेलचे पुष्कळ टर्बो फक्त ऑईलवर थंड होतात. पण ज्याला पाण्याची तोंडे आहेत, त्याची तोंडे बंद करून काम उरकू नये. पाणी खालून आत व वरून बाहेर, असे जोडावे. मग इंजिन बंद केल्यावरही गरम पाणी आपोआप वर सरकते आणि बेअरिंगची उष्णता काढून नेते. नाहीतर आतले ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. नळ्यांत हवा अडकू देऊ नये. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी टर्बोत थोडे ऑईल ओतावे, आणि घाट चढून आल्यावर इंजिन मिनिट-दोन मिनिटे हळू चालवून मगच बंद करावे.

आणखी एक चूक माझी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. रस्त्यावरच्या गाडीला टर्बो बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांना लेखी विचारा. मी विचारले नव्हते. तो टर्बो मी पुढे उतरवला. पण आता नव्या डिझेल गाड्या बहुतेक टर्बोसहच येतात, आणि त्यांच्या दुरुस्तीत याच नळ्यांवर काटकसर होते. म्हणून हा विषय प्रत्येक मालवाहू गाडीवाल्याचा आहे.

कारागीर बंधूंना माझे सांगणे आहे की, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, चुकीची नळी लावू नका. काम नाकारा, पण लावू नका. आम्ही कापड मोजताना हात आखडला तर तो गुन्हा आहे. सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांसाठीच उतरली, हे आपण मदरशात शिकलो. जिथे जाड नळी हवी तिथे बारीक लावणे हेही मापात कमी देणेच आहे. तुमचा शागीर्दही तेच पाहून शिकतो.

व्यापारी बंधूंनाही तेवढेच सांगतो. बिलात नळ्या, वॉशर आणि फिटिंग यांची वेगळी ओळ मागा आणि तिचे पैसे खुशीने द्या. आपण मजुरी कापतो तेव्हा मिस्त्रीला कमी माप देण्यास आपणच भाग पाडतो. मी काही शे रुपये वाचवायला गेलो आणि दोन टर्बोंचे पैसे घालवले. त्याहून वाईट म्हणजे, एका चांगल्या कारागिराला मी चार लोकांत अनाडी म्हणालो. त्याच्या गॅरेजवर जाऊन मी माफी मागितली. त्याने चहा पाजला. आता टेम्पोचे काम त्याच्याकडेच असते, आणि तो जो आकडा सांगतो तो मी देतो.