फी माफ झाली, वर्षभर राहायचं कुठे?

बारावीनंतर पुढे शिकायचं की नाही, हे निकालाच्या दिवशी ठरतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेक घरांत ते कधीच ठरलेलं असतं. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात १८ ते २३ वयोगटातलं उच्च शिक्षणातील नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. बाहेर राहिलेल्यांची अडचण नुसती फीची असती, तर प्रश्न सोपा होता. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्ण माफ केलं. हे फार चांगलं झालं. पण बीडच्या ऊसतोड कुटुंबात मुकादमाची उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. मुलीचं लग्न लावलं की नवा कोयता उभा राहतो. ती शिकत राहिली तर खोलीभाडं, खानावळ आणि बुडालेली मजुरी अंगावर येते. या हिशेबात फीमाफीची नोंद एकाच ओळीची आहे. शिवाय अपयश झेपण्याची ताकदही घरातूनच मिळते. प्राध्यापकाच्या मुलाचं वर्ष गेलं तर तो पुन्हा परीक्षेला बसतो, मजुराच्या मुलाचं गेलं तर बहुधा शिक्षणच सुटतं. प्रवेशफेरीत पसंतीक्रम कसा भरायचा, जात पडताळणीचा अर्ज कधी करायचा, हे त्याला घरात सांगणारंही कुणी नसतं.

जिद्द असेल तर गरिबाचं पोरही शिकतं, असं यावर म्हटलं जातं. शिकतं, नक्कीच. पण ज्या वाटेवर एकाला चालायला पुरेल तेवढं बळ लागतं आणि दुसऱ्याला असामान्य जिद्द, तिला समान संधी कसं म्हणायचं? राजर्षी शाहूंनी अशा अपवादांची वाट पाहिली नाही. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, कारण शाळा असूनही राहण्या-जेवणाची सोय नसेल तर खेड्यातलं मूल तिथे पोचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पदवी घेऊनही नोकरी नाही, मग आयटीआय काय वाईट? मुळीच वाईट नाही, मुलाने समजून निवडलं असेल तर. मात्र हा सल्ला देणारी सुखवस्तू घरं आपल्या मुलांना सहसा तिकडे पाठवत नाहीत.

सरकारने फीमाफीवर थांबू नये. तालुक्याच्या गावी वसतिगृहं वाढवावीत, नववीपासून शाळेत माहितगार मार्गदर्शक द्यावा आणि निर्वाह भत्ता वर्ष सरताना नव्हे, प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावा.